एचडीत शूट केलेलं लग्न डीव्हीडीवर धुरकट का दिसतं?

हल्ली लग्नाचं शूटिंग एचडीत होतं, बऱ्याचदा फोर-केमध्ये. शूटिंगवाला स्टुडिओत बोलावून मोठ्या मॉनिटरवर ट्रेलर दाखवतो, तेव्हा नवरीच्या नथीतले मोती मोजता येतात. महिन्या-दोन महिन्यांनी घरी डीव्हीडी येते, सगळे जण हॉलमधल्या मोठ्या टीव्हीसमोर बसतात आणि काहीतरी बिनसल्याचं लगेच जाणवतं. चेहरे मऊ, पैठणीचे काठ थरथरणारे, आणि अक्षता पडताना तर अख्खं चित्रच फाटलेलं. मग खापर फुटतं डिस्कवर, नाहीतर प्लेअरवर, नाहीतर शूटिंगवाल्यावर.

खरं तर यातलं बहुतेक नुकसान डिस्क लिहिली जाण्याच्या आधीच झालेलं असतं. डिस्क बर्न करणं म्हणजे तयार फाइलमधले शून्य आणि एक जसेच्या तसे चकतीवर उतरवणं. त्यात चित्र मऊ व्हायला वावच नाही. चित्र बिघडतं ते फाइल तयार होताना, आणि तेही तीन-चार ठरावीक ठिकाणी. दोष कुठल्या ठिकाणी झाला हे बिघाडाच्या रूपावरून ओळखता येतं. घरी स्वतः डिस्क बनवत असाल तर तो दुरुस्तही करता येतो, आणि दुसऱ्याकडून बनवून घेत असाल तर नेमकं काय मागायचं ते कळतं.

## एचडी कॅमेरा आणि डीव्हीडी यांच्यातला पाचपट फरक

डिजिटल चित्र ठिपक्यांचं असतं. एका चित्रात आडवे-उभे किती ठिपके मावतात, त्याला रेझोल्यूशन म्हणतात. फुल एचडीचं चित्र १९२० बाय १०८०, म्हणजे साधारण २० लाख ७४ हजार ठिपक्यांचं. भारतात चालणारी डीव्हीडी पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीची असते. तिचं चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपक्यांचं. भागाकार केला तर उत्तर बरोबर ५ येतं. फोर-केशी तुलना केली तर २०.

म्हणजे एचडी शूटिंगची डीव्हीडी करायची म्हटलं की पाचातले चार ठिपके आधीच बाहेर काढावे लागतात. हा कुणाचा हलगर्जीपणा नव्हे, ती डीव्हीडीची व्याख्याच आहे. डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये बाजारात आली, तेव्हा घरोघरी काचेच्या नळीचे टीव्ही होते आणि २१ इंची टीव्ही मोठा समजला जायचा. त्या पडद्यावर ७२० बाय ५७६ चकाचक दिसायचं. आज तेच चित्र ४३ किंवा ५५ इंची फोर-के टीव्हीवर ताणलं जातं, आणि उरलेले ठिपके टीव्ही स्वतः अंदाजाने भरतो. ‘एचडी डीव्हीडी काढून द्या’ अशी मागणी दुकानात सर्रास केली जाते आणि दुकानदारही मान डोलावतो. पण साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालणारी एचडी डीव्हीडी बनवताच येत नाही. (‘एचडी डीव्हीडी’ नावाचा वेगळा प्रकार तोशिबाने आणला होता. ब्लू-रे या दुसऱ्या एचडी डिस्कसमोर त्याचा टिकाव लागला नाही आणि २००८ साली तोशिबाने तो बंद केला. त्याची चकती साध्या प्लेअरमध्ये तेव्हाही चालत नव्हती.)

## मग सिनेमाची विकतची डीव्हीडी कशी छान दिसते?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. ठिपके तेवढेच असूनही कंपनीची डीव्हीडी बरीच सुबक दिसते. एक कारण प्रकाशाचं. सिनेमाचा प्रत्येक शॉट नीट उजेड लावून, बहुधा स्थिर कॅमेऱ्याने घेतलेला असतो. दुसरं कारण जागेचं. सिनेमाची डिस्क बऱ्याचदा दोन थरांची, ८.५ जीबीची असते. आपण बाजारातून आणतो ती कोरी डिस्क एका थराची, ४.७ जीबीची. तिसरं कारण वेळेचं. एकेका दृश्यावर नजर ठेवून ती फाइल बनवलेली असते. आपल्याकडे रात्री रेंडर (अंतिम फाइल बनवण्याचं काम) लावून झोपतात आणि सकाळी डिस्का काढतात.

या जागेच्या मुद्द्याचा पुरावा जुन्या वाचकांनी पाहिलेला असेल. एका डीव्हीडीत तीन-तीन सिनेमे कोंबलेल्या डिस्का एकेकाळी रस्त्यावर मिळायच्या. तेच सिनेमे, तेवढेच ठिपके, पण चित्र सगळं चौकडी-चौकडीचं. असं का होतं, तेच आता पाहू.

## बिटरेट: पगार ठरलेला, महिना लांबलेला

एका सेकंदाच्या चित्रासाठी किती माहिती खर्च होते, तो बिटरेट. तो मेगाबिट प्रतिसेकंद असा मोजतात आणि एक मेगाबिट म्हणजे दहा लाख बिट. फाइलचा दर्जा ठिपक्यांवर जितका अवलंबून असतो तितकाच, कधी कधी त्याहून जास्त, या आकड्यावर असतो.

याचा हिशेब घरखर्चासारखा आहे. डिस्कची क्षमता हा ठरलेला पगार. त्यात वाढ नाही, उसनवार नाही. कार्यक्रमाची लांबी म्हणजे महिन्याचे दिवस. दिवस वाढले की रोजच्या वाट्याला कमी पैसे येणार, त्याला कुणी काही करू शकत नाही.

एका थराच्या डीव्हीडीसाठी सोपं गणित आहे: ६०० ला कार्यक्रमाच्या मिनिटांनी भागा. येईल तो आकडा म्हणजे आवाजासकट एका सेकंदाला परवडणारे मेगाबिट. ९० मिनिटांच्या कार्यक्रमाला साडेसहाच्या थोडं वर, दोन तासांना ५, तीन तासांना जेमतेम ३.३. डीव्हीडीच्या नियमात चित्राला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट देता येतात. हाताने बनवलेल्या डिस्कवर मी आठाच्या वर जायला सांगणार नाही, कारण जुने प्लेअर तिथे धापा टाकतात. खालची पायरी म्हणाल तर पाचच्या आसपास चित्र बरं राहतं, चारच्या खाली ते फाटायला लागतं.

आता कॅमेऱ्याकडे पाहा. एव्हीसीएचडी पद्धतीचा एचडी कॅमेरा सेकंदाला २४ मेगाबिटपर्यंत लिहितो, तेही एच-२६४ या किफायतशीर पद्धतीने. डीव्हीडीला मात्र एमपेग-२ ही १९९० च्या दशकातलीच पद्धत लागते. तेवढ्याच दर्जाच्या चित्रासाठी तिला ढोबळमानाने दुप्पट जागा हवी. म्हणजे उत्पन्न घटलं आणि हात मात्र सैल. मेहंदीपासून पाठवणीपर्यंतचे साडेतीन तास एका डिस्कवर बसवून मागितले, तर कितीही हुशार माणूस आणि कितीही महागडं सॉफ्टवेअर असो, चित्र फाटणारच.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय कुणी सुचवत नाही: दोन डिस्का करा. साखरपुडा आणि हळद एकीवर, लग्न आणि रिसेप्शन दुसरीवर. एका कोऱ्या डिस्कच्या किमतीत बिटरेट दुप्पट होतो. दोन थरांची ८.५ जीबीची डिस्क हाही मार्ग आहे, पण ती महाग पडते आणि काही जुने प्लेअर एका थरावरून दुसऱ्यावर जाताना अडखळतात.

इथे एक छुपी गळती सांगायलाच हवी. काही सॉफ्टवेअर आवाज पीसीएम या बिनदाबाच्या (माहिती दाबून लहान न करणाऱ्या) पद्धतीने ठेवतात. दोन चॅनेलचा तसा आवाज सेकंदाला दीड मेगाबिट खातो. दोन तासांच्या डिस्कवर एकूण ऐपत पाचाची, त्यातले दीड सनई-चौघड्यालाच गेले! तोच आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये १९२ किलोबिटवर ठेवला तर खर्च आठपट कमी होतो, आणि टीव्हीच्या स्पीकरवर कानाला फरक कळत नाही. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ही एकच ओळ बदलली तरी चित्राला एक मेगाबिटहून जास्त मिळतात.

## अक्षता पडतानाच चित्र का फाटतं?

व्हिडिओतलं प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. साधारण अर्ध्या सेकंदात एक चित्र पूर्ण लिहिलं जातं आणि पुढच्या चित्रांत फक्त ‘आधीपेक्षा काय बदललं’ तेवढंच. गुरुजी बसून मंत्र म्हणताहेत आणि मागचा मंडप स्थिर आहे, तेव्हा बदल थोडा आणि खर्चही थोडा. पण मंगलाष्टक संपतं, अंतरपाट खाली जातो आणि चहूबाजूंनी अक्षता उडतात. शेकडो दाणे, प्रत्येक वेगळ्या दिशेने, वर फोटोग्राफरच्या फ्लॅशचा लखलखाट. ‘काय बदललं’ याचं उत्तर अचानक ‘सगळंच’ असं येतं. बिट पुरत नाहीत, सॉफ्टवेअर बारकावे सोडून देतं आणि पडद्यावर चौकोनी तुकडे दिसायला लागतात. वरातीतले फटाके, रिसेप्शनला उडवलेल्या चमकीच्या कागदांचा पाऊस, नाचणाऱ्यांच्या अंगावर फिरणारे रंगीत दिवे, ही सगळी त्याच जातीची दृश्यं.

याला उपाय म्हणजे खर्चाचं नियोजन. बिटरेट दोन प्रकारे वाटता येतो. सगळ्या सेकंदांना सारखा, किंवा गरजेप्रमाणे कमी-जास्त. दुसऱ्या प्रकाराला व्हीबीआर म्हणतात. त्यातही ‘टू-पास’ हा पर्याय निवडायचा. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर पूर्ण कार्यक्रम नुसता तपासून जातं, दुसऱ्या फेरीत प्रत्यक्ष लिहितं. महिन्यात दिवाळी कोणत्या आठवड्यात येणार हे आधी कळलं, तर बाकीचे दिवस हात आखडता घेता येतो. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण दोन तासांच्या डिस्कवर फरक डोळ्यांना दिसतो. दीड तासापेक्षा छोट्या कार्यक्रमाला मात्र त्याची फारशी गरज नाही, तिथे मुळातच चणचण नसते.

रात्रीच्या शूटिंगचं दुखणं थोडं वेगळं आहे. कमी उजेडात कॅमेरा चित्रात दाणेदार खळबळ आणतो. त्याला नॉइज म्हणतात. आपली नजर ती सोडून देते, पण सॉफ्टवेअरच्या लेखी तो दर क्षणाला होणारा बदलच असतो आणि त्यावर ते इमानेइतबारे बिट उधळत बसतं. म्हणून वरातीच्या दृश्यांना रेंडर करण्याआधी हलकासा डिनॉइज फिल्टर लावला, की वाचलेले बिट चेहऱ्यांना मिळतात. शार्पनेस वाढवणं मात्र टाळा. धुरकट दिसतंय म्हणून शार्प करायचं, हा पहिला मोह असतो. त्याने नॉइज आणखी उठून दिसतो आणि बिटरेटवरचा ताण वाढतो.

## दोनदा, तीनदा पिळलेलं चित्र

हा दोष आता फार वाढला आहे. कॅमेऱ्यातलं फुटेज एडिट करून त्याची छोटी एमपी-फोर फाइल केली जाते. मग ती फाइल डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरला दिली जाते आणि ते पुन्हा दाबतं. मध्ये मामेभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली हळदीची क्लिप घातलेली असते, ती तिथेच एकदा दबून आलेली. प्रत्येक फेरीत बारकावे जातात, आणि गेलेले परत येत नाहीत.

एडिटिंगमधून काढायची मधली फाइल ऐसपैस ठेवा. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचडी या एडिटिंगसाठीच्या, चित्र फार न दाबणाऱ्या पद्धती जमत असतील तर उत्तम. त्या नसतील तर एच-२६४, पण ३० ते ५० मेगाबिटवर. हार्ड डिस्कवरची जागा तात्पुरती जाते, काम झालं की फाइल पुसून टाकता येते. आणि नातेवाइकांकडून क्लिप मागवताना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाइल येते.

एआयने चित्र सुधारणारी सॉफ्टवेअर आली आहेत, त्यांचं काय? ती हरवलेले बारकावे परत आणत नाहीत, तिथे काय असेल याचा अंदाज रंगवतात. पानाफुलांवर तो अंदाज खपून जातो. आजीच्या चेहऱ्यावर खपत नाही, कारण ती आपली आजी दिसेनाशी होते. मूळ फुटेज हयात असेल तर त्यापासून नवी डिस्क करणं कधीही चांगलं.

## कडांवरच्या दातेरी रेषा

सगळ्यात जास्त गोंधळ उडवणारा भाग हा. नळीच्या टीव्हीच्या काळात एक चित्र दोन हप्त्यांत दाखवायचे. आधी एक सोडून एक अशा ओळी, मग उरलेल्या. सेकंदाला २५ चित्रं म्हणजे ५० अर्धी चित्रं. या पद्धतीला इंटरलेसिंग म्हणतात आणि अर्ध्या चित्राला फील्ड. एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांवर ‘१०८०आय’ लिहिलेलं असतं, त्यातला ‘आय’ हाच. अखंड चित्राच्या पद्धतीला प्रोग्रेसिव्ह म्हणतात, तो ‘पी’.

दोन फील्डमध्ये एक पन्नासांश सेकंदाचं अंतर असतं. तेवढ्यात नाचणाऱ्याचा हात पुढे सरकलेला असतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन्ही फील्ड एकदम दाखवले, की त्या हाताच्या कडेला आडव्या दातेरी रेषा दिसतात. बरेच लोक इथेच घाबरतात आणि चांगली फाइल बिघडवून बसतात. थांबा. टीव्ही आणि प्लेअर यांना हे फील्ड जुळवता येतात. कॉम्प्युटरवर दातेरी दिसणारं चित्र टीव्हीवर अगदी गुळगुळीत असू शकतं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये डीइंटरलेस (दोन फील्डपासून अखंड चित्र करणं) चालू करून पाहा. रेषा गेल्या तर फाइल निर्दोष आहे.

खरा बिघाड पुढच्या दोन प्रसंगी होतो.

पहिला, आकार बदलताना. १०८० ओळींच्या ५७६ करायच्या आहेत. फील्ड सुटे न करता अख्खं चित्र खाली दाबलं, तर दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत कालवल्या जातात. मग हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागे भुताटकीसारखी दुसरी आकृती दिसते. ही चूक चित्रात कायमची मुरते, नंतर कुठलाही फिल्टर तिला काढू शकत नाही. योग्य क्रम असा: आधी डीइंटरलेस करून सेकंदाला ५० पूर्ण चित्रं मिळवायची, मग आकार कमी करायचा, मग पुन्हा डीव्हीडीसाठी इंटरलेस करायचं. बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअर हे स्वतः करतात, पण फुटेज इंटरलेस आहे हे त्यांना कळलेलं असायला हवं.

दुसरा, फील्डचा क्रम उलटा लागला तर. एचडी कॅमेरे वरचा फील्ड आधी देतात, जुने मिनी-डीव्ही कॅमेरे खालचा. १९९९ ची मुंज आणि आजचं लग्न एकाच डिस्कवर जोडायला घेतलं की ही गडबड हमखास होते. लक्षण सोपं आहे: हालचाल पुढे-मागे, पुढे-मागे अशी थरथरत होते आणि डोकं दुखायला लागतं. सेटिंगमध्ये ‘अपर फील्ड फर्स्ट’ आणि ‘लोअर फील्ड फर्स्ट’ असे पर्याय असतात. प्रत्येक क्लिपला तिचा खरा क्रम सांगितला की काम झालं. तो क्रम कळायला मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. ते फाइलची कुंडलीच मांडतं: रेझोल्यूशन, बिटरेट, फील्डचा क्रम, सगळं एका पडद्यावर.

पैठणीच्या काठाचं थरथरणं यातूनच येतं. जरीची बारीक आडवी रेघ एचडीमध्ये दोन-तीन ओळी जाड असते. डीव्हीडीत ती एकाच ओळीवर येते, म्हणजे एकाच फील्डमध्ये सापडते आणि लुकलुकते. चौकडीचा शर्ट आणि मंडपाच्या जाळीचंही तेच. इथे उपाय उलटा वाटेल: आकार कमी करताना चित्र किंचित मऊ ठेवायचं. थोडं मऊ चालतं, लुकलुकणं डोळ्यांना सोसवत नाही.

## मोबाइलचे ३० आणि पालचे २५

मोबाइल सहसा सेकंदाला ३० चित्रं घेतो, पाल डीव्हीडीला २५ लागतात. पाच चित्रं गाळली की चालणारा माणूस हिसके देत चालतो. त्यात मोबाइलचा वेग स्थिरही नसतो. उजेडाप्रमाणे तो ३० च्या आसपास खालीवर करतो आणि मग शेवटी-शेवटी ओठ आणि आवाज जुळेनासे होतात. म्हणून मोबाइलची क्लिप आधी स्थिर वेगाची करून घ्यावी. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर ते करतं, ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडायचं. अख्खा कार्यक्रमच मोबाइलवर घेतलेला असेल, तर डिस्क सरळ एनटीएससी या अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीची करा. तिचा वेग २९.९७ आहे आणि आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धती चालवतात.

अमेरिकेतल्या काकांना डिस्क पाठवायची असेल तर एनटीएससीच करा. तिकडचे कित्येक प्लेअर पाल डिस्क घेतच नाहीत. रीजन कोडची (डिस्क ठरावीक देशांतच चालावी म्हणून घातलेल्या कुलपाची) भीती मात्र बाळगू नका, तो कंपनीच्या डिस्कवर असतो, घरच्या डिस्कवर नसतो.

चेहरे उभट आणि बारीक दिसत असतील, तर दर्जाचा प्रश्नच नाही. १६:९ आकाराची खूण फाइलमध्ये घालायची राहून गेली आहे, किंवा टीव्हीवर चित्राचा आकार ४:३ ठेवलेला आहे. रंगांचंही थोडक्यात: एचडी आणि डीव्हीडीत रंग लिहिण्याचे नियम वेगळे आहेत. रूपांतर राहून गेलं तर कातडीचा रंग आणि शालूचा लाल किंचित सरकतो. काळा राखाडी झाला असेल तर आधी टीव्हीतलं एचडीएमआयचं ब्लॅक लेव्हल तपासा. आणि प्लेअर टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने जोडलेला असेल, तर हा लेख इथेच ठेवून एचडीएमआय केबल आणा. त्या पिवळ्या वायरीतून ब्लू-रेसुद्धा डीव्हीडीच्याच पातळीवर उतरतो.

## मग बर्निंगचा दोष कधी असतो?

असतो, पण त्याचं रूप वेगळं. चित्र मऊ होत नाही. ते अडकतं, थिजतं, दृश्य उडी मारून पुढे जातं, आवाज तुटतो. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे असे दोष बहुधा कार्यक्रमाच्या शेवटच्या भागात येतात. मुहूर्त नीट आणि पाठवणी अडकत असेल, तर संशय डिस्कवर घ्यावा. लिहिण्याचा वेग १६ऐवजी ४ किंवा ८ ठेवा, बरी डिस्क घ्या, ‘व्हेरिफाय’ (लिहिलेलं पुन्हा तपासणं) चालू ठेवा आणि वर कागदी लेबल चिकटवू नका, चकतीचा तोल जातो. वेग कमी केल्याने चित्र सुंदर होतं हा मात्र समज आहे. त्याने चुका कमी होतात, ठिपके वाढत नाहीत.

म्हणून तपासाची सुरुवात नेहमी बर्नच्या आधीच्या फाइलपासून करावी. सॉफ्टवेअर ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर तयार करतं. डिस्क न लिहिता तो कॉम्प्युटरवर चालवून बघा. तिथेच चित्र खराब असेल तर डिस्का बदलून काही उपयोग नाही. तिथे चांगलं आणि टीव्हीवर खराब असेल, तर डिस्क, प्लेअर, वायर या क्रमाने शोधा. आणि प्लेअरने डिस्क ओळखलीच नाही, तर नुसती एमपी-फोर फाइल डेटा म्हणून कॉपी केली गेली असावी. डीव्हीडीस्टायलरसारख्या फुकट सॉफ्टवेअरने रीतसर व्हिडिओ डीव्हीडी बनवावी लागते.

## एचडी ते एचडीच हवं असेल तर

तीन वाटा आहेत. ब्लू-रे ही त्यातली राजमान्य. एका थरात २५ जीबी मावतात आणि २५ मेगाबिट दिले तरी दोन तासांचा कार्यक्रम आरामात बसतो. पण लिहायला ब्लू-रे रायटर हवा आणि बघायला ब्लू-रे प्लेअर. शिवाय सेकंदाला ५० पूर्ण चित्रांचं १०८०पी मूळ ब्लू-रेच्या नियमात बसत नाही, ते १०८०आय किंवा ७२०पी करावं लागतं. भारतात ब्लू-रे फारसा रुजला नाही, आणि आता जगातही ओसरतो आहे: सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कांचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं. आज नव्याने ब्लू-रे रायटर विकत घ्यावा, असं मी कुणालाच सांगणार नाही.

दुसरी वाट म्हणजे साध्या डीव्हीडीवर एव्हीसीएचडी पद्धतीने एचडी लिहिणं. मर्यादा १८ मेगाबिटची. १५ वर ठेवलं तर एका डिस्कवर ४० मिनिटं मावतात. ही डिस्क एव्हीसीएचडी चालवणाऱ्या ब्लू-रे प्लेअरवरच दिसते, डीव्हीडी प्लेअर तिला ओळखत नाही.

तिसरी वाट पेन ड्राइव्हची. टीव्हीच्या यूएसबीला लावायचा, झालं. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जात नाही, तेव्हा एक्सफॅट करून घ्या. आणि फाइल एच-२६४ ची ठेवा, जुने टीव्ही एच-२६५ चालवत नाहीत.

मग डीव्हीडी हवीच कशाला? गावाकडे आजी-आजोबांकडे प्लेअर आहे, रिमोटचं एक बटण त्यांना पाठ आहे, आणि पेन ड्राइव्ह उद्या कुणीतरी गाणी भरायला नेणार आहे. म्हणून एक डीव्हीडी करावीच, दीड तासाची, नीट काळजीने केलेली. पण जपून ठेवायची वस्तू म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नका. शूटिंगवाल्याकडून एडिट केलेली पूर्ण एचडी फाइल आणि शक्य तर कच्चं फुटेज मागून घ्या, आणि ते पहिला पैसा देण्याआधीच ठरवा. काम झालं की स्टुडिओवाले पुढच्या सीझनसाठी हार्ड डिस्क मोकळी करतात. फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.